कॉर्डेलियाचा मृत्यू 'अकस्मात' नव्हता

लिअर राजाच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, फास लावला जातो त्या वेळी रंगमंचावर तुतारी वाजत असते. दोन भाऊ तलवारी उपसून समोरासमोर उभे असतात, दोन बहिणी एका पुरुषावरून भांडत असतात, सरदार एकमेकांचे गुन्हे आणि हुद्दे मोजत असतात. प्रेक्षकही तिकडेच पाहत असतात. ती जवळच्याच किल्ल्यातल्या कोठडीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि कोणाच्याही ध्यानात नसते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयात आम्ही शेक्सपिअरच्या 'राजा लिअर'चे अभिवाचन केले. विंदा करंदीकरांचा अनुवाद समोर होता. अडीच तासांत बसावे म्हणून संहितेला कात्री लावली होती आणि ती कात्री माझ्या हातात होती. शेवटचा प्रवेश संपला तेव्हा बराच वेळ कोणी हलले नाही. मग मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ हलकेच म्हणाले, "शेवटी काय, दैवापुढे कुणाचं चालतं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आल्यावर मात्र ती मान मला बोचू लागली. रात्री संहिता पुन्हा उघडली आणि पाचव्या अंकाचा तिसरा प्रवेश एखादा पंचनामा वाचावा तसा वाचला. कोण कुठे उभे होते, कोणाला काय माहीत होते, कोणी कधी तोंड उघडले. त्या वाचनानंतर 'दैव' हा शब्द या मृत्यूला लावायची माझी तयारी उरलेली नाही.

क्रम असा आहे. लढाई संपली आहे, लिअर आणि कॉर्डेलिया विजयी सैन्याच्या सेनापतीच्या, एडमंडच्या, कैदेत आहेत. तो त्यांना कोठडीत पाठवतो आणि एका कॅप्टनच्या हातात चिठ्ठी देतो. मी तुला एक पायरी वर चढवले आहे, यात लिहिल्याप्रमाणे केलेस तर तुझे भाग्य उजळेल, माणसाने काळाप्रमाणे वागावे, तलवारीला मऊ मन शोभत नाही, आणि या कामात प्रश्न विचारायचे नाहीत, असे तो त्याला बजावतो. म्हणजे बढती, वेळेचे भान, मर्दानगी आणि प्रश्नबंदी, चारही गोष्टी दहाबारा ओळींत आल्या. कॅप्टन 'करतो' म्हणतो आणि जातो.

लगेच लिअरचा थोरला जावई अल्बनी येतो. त्या क्षणी सगळ्यांत वरची सत्ता त्याची आहे आणि माणूसही भला आहे. आल्या आल्या तो दोन्ही कैदी आपल्या ताब्यात मागतो. एडमंड गोड शब्दांत टाळतो: त्यांना सुरक्षित ठेवले आहे, उद्या किंवा त्यानंतर हजर करतो. इथे अल्बनीने एक शिपाई धाडला असता तर कॉर्डेलिया जगली असती. तो धाडत नाही. तो एडमंडला त्याची पायरी दाखवून देतो, त्यातून रेगन आणि गॉनेरिल या लिअरच्या मोठ्या मुलींचे एडमंडवरून भांडण पेटते, मग राजद्रोहाचा आरोप, मग आव्हान, तीनदा तुतारी, द्वंद्व. एडमंड कोसळतो. त्याला पाडणारा त्याचा भाऊ एडगर आपली ओळख सांगतो आणि बाप कसा मेला त्याची लांब कहाणी सांगतो. ती ऐकून मरणारा एडमंड म्हणतो की तुझ्या बोलण्याने माझे मन हलले आहे, यातून काही चांगले घडेलही. पण तू बोल, तुला आणखी काही सांगायचे आहेसे दिसते. हा 'पण' मी आता विसरू शकत नाही. त्याला चिठ्ठी आठवते आहे आणि तो गोष्ट ऐकत बसला आहे.

मग रक्ताळलेला खंजीर घेऊन एक जण धावत येतो: दोघी बहिणी मेल्या. मग लिअरचा एकनिष्ठ सरदार केंट येतो. तो एकटाच योग्य प्रश्न घेऊन आला आहे. मी माझ्या राजाचा निरोप घ्यायला आलोय, तो इथे नाही का? आणि अल्बनीच्या तोंडून ते वाक्य निघते: केवढी मोठी गोष्ट विसरलो आपण!

यानंतर तरी धावावे. तेही लगेच होत नाही. बहिणींची प्रेते आणली जातात, त्यांच्याकडे पाहून चार शब्द बोलले जातात, चेहरे झाकायला सांगितले जाते. तेव्हा कुठे एडमंड म्हणतो, लवकर माणूस पाठवा, माझा हुकूम गेला आहे. 'धावा, धावा' असा कल्लोळ होतो. त्यातही एडगरला विचारावे लागते की कोणाकडे धावू, हे काम कोणाकडे दिले आहे, हुकूम रद्द झाल्याची खूण काय? एडमंड आपली तलवार देतो. अल्बनी म्हणतो, देव तिचे रक्षण करोत. पुढच्याच क्षणी लिअर आत येतो आणि कॉर्डेलिया त्याच्या हातांवर असते.

चिठ्ठी निघाल्यापासून इथपर्यंत दोनशेहून अधिक ओळी होतात. इतका वेळ शेक्सपिअरने विनाकारण दिलेला नाही. ती वाचू शकत होती हे आपल्याला दिसावे म्हणून तो दिला आहे.

आता मला सगळ्यांत भयंकर वाटणारी गोष्ट. हुकूम काय होता ते एडमंड स्वतः सांगतो. कॉर्डेलियाला कोठडीत फाशी द्यायची आणि निराशेच्या भरात तिने स्वतःच जीव दिला असे सांगायचे. हे वाक्य मी विद्यार्थी असल्यापासून कितीदा तरी वाचले असेल आणि दर वेळी लिअरच्या पुढच्या 'आक्रोश करा'कडे धाव घेत ओलांडले असेल. या वेळी थांबलो. हे वाक्य ओळखीचे होते. कोठडीत मरण, वर आत्महत्येचा शिक्का. आपल्याकडे पोलीस ठाण्यात अशा वेळी पहिली नोंद होते ती बहुधा 'अकस्मात मृत्यू' अशी. दुसऱ्या दिवशी बातमीत 'दुर्दैवी' हे विशेषण लागते. कायद्याच्या दृष्टीने ती नोंद ही चौकशीची सुरुवात असते, निष्कर्ष नव्हे. पण गावाच्या बोलण्यात तोच निष्कर्ष होऊन बसतो.

शेक्सपिअरला ही कथा ज्या इतिवृत्तांतून मिळाली, त्यांत शेवट वेगळा आहे. होलिन्शेड या सोळाव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराच्या इतिवृत्तात लिअर पुन्हा गादीवर येतो, त्याच्यानंतर कॉर्डेलिया पाच वर्षे राज्य करते, मग भाचे बंड करतात, तिला कैद करतात आणि कैदेत ती आत्महत्या करते. शेक्सपिअरच्या आधी रंगभूमीवर आलेल्या आणि १६०५ मध्ये छापल्या गेलेल्या जुन्या 'लिअर' नाटकात तर सगळे गोडच होते. शेक्सपिअरने गोड शेवट टाकला एवढेच आपण सांगत आलो. त्याने त्याहून मोठी गोष्ट केली. इतिवृत्तातली कैदेतली आत्महत्या त्याने उचलली आणि तो खून असल्याचे दाखवले. आत्महत्या ही मारणाऱ्यांनी रचलेली बतावणी ठरवली. चारशे वर्षांपूर्वीचा एक नाटककार दप्तरातली नोंद खोडून खरी नोंद लिहितो आहे, आणि आपण ती वाचून म्हणतो, दैवापुढे कुणाचं चालतं.

दैववाल्यांचा आवडता आधार म्हणजे एडगर आणि एडमंड यांच्या बापाचे, ग्लॉस्टरचे, वाक्य: खोडकर पोरांना जशा माशा, तसे आपण देवांना, ते खेळ म्हणून मारतात. हे वाक्य सुभाषितासारखे जिथे तिथे वापरले जाते. पण ते कोण म्हणतो आणि कधी? ज्याचे डोळे काढले आहेत तो म्हणतो, आणि ते डोळे कोणत्याही देवाने काढलेले नाहीत. रेगनच्या नवऱ्याने, कॉर्नवॉलने, ग्लॉस्टरच्याच घरात, त्याला खुर्चीला बांधून काढले आहेत. ग्लॉस्टरचे दुःख खरे आहे, त्याला हवे ते बोलण्याचा अधिकार आहे. आपल्याला नाही. आपण तो प्रवेश पाहिलेला आहे. लिअर स्वतः देवांना नाही, माणसांना शाप देतो. तो म्हणतो, खुनी आहात तुम्ही, सगळे फितूर. मी तिला वाचवू शकलो असतो, आता ती कायमची गेली. 'वाचवू शकलो असतो' हे म्हातारा शुद्धीवर असल्याचे लक्षण आहे. त्या सगळ्या सरदारांत त्या क्षणी शुद्धीवर तोच आहे.

या नाटकाच्या वाचकांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक डॉ. सॅम्युएल जॉन्सन, आणि ज्याच्याशी भांडावेसे वाटते तोही तोच. शेक्सपिअरच्या नाटकांच्या आपल्या १७६५च्या आवृत्तीत त्याने मोकळेपणाने लिहिले की कॉर्डेलियाच्या मृत्यूने मला इतका धक्का बसला की संपादक म्हणून हात घालावा लागेपर्यंत शेवटचे प्रवेश मी पुन्हा वाचले की नाही, मला सांगता येत नाही. केवढे प्रामाणिक वाचन! पण त्या दुखण्यावर त्याने मान्य केलेला उपाय नाहुम टेट या कवीचा होता. टेटने १६८१ मध्ये नाटक बदलले. विदूषक काढला, एडगर आणि कॉर्डेलिया यांचे प्रेम जुळवले, कोठडीत मारेकरी येतात तेव्हा लिअर त्यांच्यावर तुटून पडतो आणि ऐन वेळी एडगर आणि अल्बनी येऊन पोहोचतात. लिअर जगतो, कॉर्डेलियाला राज्य मिळते. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे हाच शेवट चालला. १८२३ मध्ये एडमंड कीन या नटाने दुःखान्त परत आणून पाहिला, आणि १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने विदूषकासकट मूळ नाटक उभे केले. लोकांचा कौल टेटच्या बाजूने आहे, असे जॉन्सन म्हणाला होता.

जॉन्सनची वेदना मला मान्य आहे. पण टेटच्या शेवटात मदत वेळेवर पोहोचते, आणि मदत वेळेवर पोहोचली की अल्बनीचा विसर हा गुन्हा उरत नाही. कोणी विचारणारच नाही की इतका वेळ तुम्ही काय करत होता. गोड शेवट करणारा आणि दैवाला दोष देणारा, दोघेही वेगळ्या वाटांनी त्याच ठिकाणी येतात: कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण आहे, तीही बोलून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांना लिअर भेटला तो 'नटसम्राट'मधून. १९७०चे ते नाटक, डॉ. श्रीराम लागूंचे ते गणपतराव, आमच्या घरात त्यातली स्वगते जेवताना म्हटली जायची. समोरचे ताट द्यावे पण बसायचा पाट देऊ नये, हा धडा त्यातून घराघरांत गेला. नाटक मोठेच आहे आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण गणपतरावांना दोनच मुले आहेत. तिथे कॉर्डेलिया नाही. त्यामुळे आपल्या मनातला लिअर हा म्हातारपणाचा, वाटणीचा, कृतघ्न मुलांचा प्रश्न होऊन बसला. त्या प्रश्नावर आपण २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदासुद्धा केला, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत मुलांनी सांभाळले नाही तर परत मागता येईल अशी तरतूद त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पाट परत मिळू शकतो. कोठडीतली मुलगी मात्र आपल्या लिअरमध्ये नव्हतीच, म्हणून तिच्याविषयी आपण काही ठरवलेच नाही.

आमच्या अभिवाचनानंतर आणखी एक मत आले होते. एका बाईंनी कळवळून म्हटले, "पहिल्याच प्रवेशात दोन गोड शब्द बोलली असती तर एवढं झालं नसतं." हे मत नवे नाही. कॉर्डेलियाचा ताठा नडला किंवा फ्रान्सचे सैन्य घेऊन ती स्वदेशावर चालून आली म्हणून तिला शासन झाले, असे एकोणिसाव्या शतकात समीक्षकांनीही लिहिले आहे. मेलेल्या मुलीच्या वागण्यात कारण शोधायची ही सवय आपल्या फार अंगवळणी पडली आहे. ती अमुक वेळी तिथे गेली कशाला, त्याने पोलिसांशी हुज्जत घातली कशाला. पण बापाविषयी आपल्याला काय आणि किती वाटते ते मोजून सांगायला कॉर्डेलियाने नकार दिला, त्याची शिक्षा तिला पहिल्याच प्रवेशात मिळून चुकली आहे. वाटा गेला, देश सुटला. पाचव्या अंकातला फास त्या नकाराचा नाही. तो चिठ्ठीचा आहे.

इथे कोणी म्हणेल की नाटकाला नाटक राहू द्या, त्याला फौजदारी संहितेत कशाला बसवता? आक्षेप मी हसून उडवणार नाही, कारण तो माझ्याही मनात आला. लिअरच्या शेवटात असे काही आहे जे कुठल्याही कायद्याच्या पलीकडचे आहे. तो तिच्या ओठांपाशी आरसा धरायला मागतो, पीस हलले म्हणतो. कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे आणि तुझ्यात श्वासही नसावा, असे विचारतो. मग तो 'कधीच नाही' हा शब्द ओळीने पाच वेळा म्हणतो. १६०८च्या छापील प्रतीत तो तीनदा आहे, १६२३च्या प्रतीत पाचदा. आणि त्याच दमात, समोरच्या कोणाला तरी नम्रपणे सांगतो: एवढी गुंडी सोडा हो, आभारी आहे. ज्याच्या मागे शंभर सरदार असायचे त्याला एका गुंडीसाठी आभार मानावेसे वाटतात. या ओळींपुढे मी वकिली करत नाही. मारेकऱ्यांना उद्या शिक्षा झाली तरी ती परत येणार नाही, हे त्या पाच शब्दांत पुरेपूर आहे.

पण याच कारणासाठी चिठ्ठीची चौकशी व्हायला हवी. जे परत येत नाही त्याची राखण आधी करावी लागते. मृत्यूपुढचे मौन आणि मारेकऱ्यापुढचे मौन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि 'दैव' हा शब्द त्या दोहोंना एकाच गाठोड्यात बांधतो.

राखण म्हणजे काय, ते आपल्याला माहीत नाही असे नाही. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या डी. के. बसूंनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंविषयी पत्र लिहिले. त्या पत्राची याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकरा अटी घातल्या. अटकेचा मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. त्यांतली पहिलीच अट अशी की अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ पासून सांगून ठेवले आहे की कोठडीतला मृत्यू २४ तासांत कळवा. अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी अशी तरतूद कायद्यात आहे. डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश झाला. एडगरने विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर शोधले गेले: जामिनाचा आदेश मिळूनही कैदी तुरुंगातच राहतात हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आदेश थेट इलेक्ट्रॉनिक मार्गाने तुरुंगात पोहोचवण्याची व्यवस्था सुरू केली. त्याआधी आपल्या मुंबईत ऑर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या पेटीत जामिनाचा कागद ठरलेल्या वेळेआधी पडला नाही तर माणसाची आणखी एक रात्र आत जायची.

आणि तरी मुख्य गोष्ट राहूनच गेली आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत निवड समितीकडे गेले आणि पुढे व्यपगत झाले. मधल्या काळात तुतारी कितीदा वाजली, कितीदा द्वंद्वे झाली, कोणाचे कोणाशी जुळले आणि तुटले, ते आपण सगळ्यांनी डोळे भरून पाहिले. हा कायदा व्हायला हवा. तो आजवर न होण्यात दैवाचा काहीही हात नाही. केवढी मोठी गोष्ट विसरलो, असे म्हणणारा अल्बनी निदान आपण विसरल्याचे कबूल तरी करतो.

नाटकात हाताखालची दोन माणसे आहेत, दोघेही बिननावाची. एक कॉर्नवॉलचा चाकर. ग्लॉस्टरचा एक डोळा गेल्यावर तो मधे पडतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आता तुम्हाला थांबा म्हणतो याहून चांगली चाकरी मी कधी केली नाही, असे म्हणून तो मालकावर तलवार उपसतो. रेगन त्याला मागून वार करून मारते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळा त्याला वाचवता येत नाही, पण त्याने केलेल्या जखमेने कॉर्नवॉल मरतो. दुसरा म्हणजे कॅप्टन. १६०८च्या प्रतीत त्याच्या तोंडी एक वाक्य आहे: मला गाडी ओढता येत नाही, सुके ओट खाता येत नाहीत, माणसाचे काम असेल तर करीन. मी घोडा नाही, पोटासाठी माणसाचेच काम करावे लागणार, आणि हे माणसाचे काम आहे असे तो धरून चालतो. १६२३च्या प्रतीत हे वाक्य नाही. तिथे तो फक्त 'करतो' म्हणतो.

अभिवाचनाची संहिता करताना वेळ वाचवायला मी सर्वांत आधी काय कापले, ते त्या रात्री तपासले. कॅप्टनच कापला होता. एडमंडची चिठ्ठी ठेवली होती, ती घेणारा हात काढून टाकला होता.

येत्या महिन्यात आम्ही पुन्हा वाचतो आहोत. कॅप्टन परत घेतला आहे, ओटच्या वाक्यासकट. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा ते वाचणार आहे. पहिल्या तालमीला त्याने पात्रांची यादी वरून खाली दोनदा पाहिली आणि विचारले, "दादा, याचं नाव कुठे दिलंय?"

कुठेच दिलेले नाही.